आई, मी रात्री झोपते!

दर रविवारी फोनवर आईचं ठरलेलं : "रात्रभर दुर्बिणीपाशी बसून डोळ्यांची वाट लावून घेऊ नकोस गं." खगोलशास्त्रातल्या संशोधनासाठी इथे येऊन दोन वर्षं झाली, दुर्बिणीला अजून एकदाही डोळा लावलेला नाही. माझी दुर्बीण 'चंद्रा' (नाव खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांवरून, चंद्रावरून नव्हे) 1999 पासून अवकाशात आहे. ती क्ष-किरण टिपते, आणि ते वातावरणातच अडतात, म्हणून ती वर आणि मी खाली, ऑफिसच्या वेळेत, संगणकासमोर.

काम म्हणजे ठिपके मोजणं. एक फोटॉन (प्रकाशाचा कण), एक ओळ : कुठे पडला, कधी, ऊर्जा किती. पहिली फाइल उघडली तेव्हा काळ्या फळ्यावर खडूची भुकटी उडावी तसं दिसलं. ठिपके जरा पसरवले, आणि ययाती तारकासमूहातला दीर्घिकांचा (गॅलक्सींचा) गुच्छ वर आला, मध्ये लख्ख, कडेला विरलेला. अंतर सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षं. यातला बहुतेक उजेड दीर्घिकांचा नाहीच, त्यांच्या मधल्या वायूचा आहे. कोट्यवधी अंश तापलेला, अतिविरळ, तरी गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी भारी.

आणि त्या उजेडात, केंद्राच्या दोन बाजूंना, दोन काळसर पोकळ्या.

आम्ही जीव टाकतो तो या पोकळ्यांवर. हा वायू क्ष-किरण फेकत राहतो, म्हणजे तो थंड होऊन खाली बसायला हवा, त्यातून ढिगांनी तारे जन्मायला हवेत. तेवढे जन्मत नाहीत. कुणीतरी खालून जाळ लावतंय. मधल्या दीर्घिकेतलं महाकाय कृष्णविवर झोत सोडतं, ते वायू बाजूला सारतात, बुडबुडे फुगवतात. गिळण्यासाठी बदनाम झालेल्याचं मला तरी हे ढकलण्याचं कामच मोठं वाटतं. बुडबुड्यांभोवती तरंगही आहेत. केंब्रिजच्या अँड्र्यू फेबियन यांच्या गटाने 2003 मध्ये सांगितलं की ही ध्वनिलहर आहे, पियानोच्या मधल्या 'सी'पेक्षा 57 सप्तकं खाली, एका आंदोलनाला जवळपास एक कोटी वर्षं. तुम्ही सगळ्यांनी मला फॉरवर्ड केलेला तो 'कृष्णविवराचा आवाज' म्हणजे हीच लहर, कानाला ऐकू यावी म्हणून साधारण तेवढीच सप्तकं वर चढवलेली, बरं का.

उष्णता वायूत नेमकी कशी मुरते यावर मात्र अजून भांडणं चालतात. जपानच्या 'हितोमी' उपग्रहाने 2016 मध्ये या गुच्छातल्या वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला 164 किलोमीटर मोजला, अपेक्षेपेक्षा शांत. पुढे काही आठवड्यांतच उपग्रह निकामी झाला.

माझा स्वतःचा 'शोध' म्हणजे चित्रातली एक सरळ काळी पट्टी. धावत गाइडकडे गेले. ते म्हणाले, निसर्ग फूटपट्टीने रेघा मारत नाही. डिटेक्टरच्या दोन चिपांमधली फट होती ती.

दुरुस्त केलेलं चित्र आईला पाठवलं. "हे दोन काळे डाग म्हणजे तुझी कृष्णविवरं का?"

नाही आई. मधोमध तो सगळ्यात झगझगीत ठिपका आहे ना, तिथे.