उरलेले तिघे
आज दिवसभर एकच रेकॉर्डिंग ऐकतोय. एप्रिल १९८१, जर्मनीत स्टुटगार्टजवळ अमेरिकन गायक जॉनी कॅशचा कार्यक्रम, आणि मंचावर त्याच्या सोबतीला रॉक-अँड-रोलवाले कार्ल पर्किन्स आणि जेरी ली लुईस! डिसेंबर १९५६ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीबरोबर जमलेल्या चौकडीतले हे तिघे. एल्विस १९७७ मध्ये गेला. अल्बमचं नावच 'द सर्व्हायव्हर्स'.

तिघांनीही पन्नाशीच्या आसपास आयुष्याचे चांगलेच टक्केटोणपे खाल्लेले. पण जेरी लीचा पियानो सुरू झाला की पाय आपोआप हलायला लागतात. शेवटाकडे तिघं मिळून गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गातात ना, तिथे मला भरून आलं. आवाज थोडे मागेपुढे होतात, खर्ज कॅशचाच ओळखू येतो. माझ्या मते स्टुडिओतल्या घोटीव रेकॉर्डला याची सर नाही. हेडफोन लावून, सलग ऐका.