गॅस गीझर पेटतो आणि विझतो: आतापर्यंतची नोंद

मंडळी, महिनाभर एकाच गॅस गीझरच्या मागे लागलोय, आता बराच मार्गी लागलाय म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतो. कुणाचा तरी असाच अडलेला असेल तर उपयोग होईल.

सुरुवात अशी झाली की आई आंघोळीला गेली आणि दोन मिनिटात आतून आवाज, अरे पाणी गार आलं. नळ बंद करून परत सोडला की टक टक टक, भप्प करून पेटायचा, पाच-सहा सेकंद चालायचा आणि गप्प. मधेच चार-पाच वेळा नीट चालायचा, त्यामुळे दुरुस्त झाला असं वाटायचं आणि परत तेच.

सगळ्यात आधी अर्थातच सेल बदलले. दोन मोठे सेल असतात, मिळून 3 व्होल्ट. जुने मल्टिमीटरला लावले तर 3.05 दाखवत होते, म्हणलं सेल तर चांगले आहेत. पण नळ सोडून स्पार्क चालू असताना मोजलं तर थेट 2.4 वर! म्हणजे नुसते मोजून काही कळत नाही, लोड असतानाच मोजायचं. नवीन सेलवर स्पार्क चालू असताना 2.9 मिळाले. दोन दिवस बरं चाललं आणि तिसऱ्या दिवशी परत सहा सेकंदाला विझला.

मग एक गोष्ट केली जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. फोनवर स्टॉपवॉच लावून दहा वेळा नळ सोडला आणि प्रत्येक वेळी किती सेकंदाला विझतो ते लिहिलं. जितक्या वेळा विझला तितक्या वेळा सहाव्या सेकंदाच्या आसपासच. गॅस कमी पडत असता किंवा वाऱ्याने विझत असता तर वेळ इतकी सारखी आलीच नसती. म्हणजे कंट्रोल बॉक्स (स्पार्क आणि गॅस चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) ठरवून बंद करतोय. आणि नीट कान देऊन ऐकलं तेव्हा अजून एक सापडलं, ज्योत लागल्यावरही टक टक चालूच होती! चांगल्या गीझरमध्ये ज्योत लागली की स्पार्क लगेच थांबतो. इथे बर्नर पेटलाय, काचेतून निळी ज्योत दिसतेय, पण बॉक्सला ती दिसतच नाहीये, आणि ठरलेल्या वेळात ज्योत कळली नाही की तो सोलेनॉइड (गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बंद करून गॅस तोडतो. बरोबरच करतो, नाहीतर न पेटलेला गॅस बाहेर येत राहील. म्हणून ही सेफ्टी बायपास करायचा विचारसुद्धा करू नका.

बर्नरवर दोन दांड्या असतात, एक स्पार्कची, दुसरी ज्योत ओळखणारी. ज्योतीतून अगदी थोडा करंट जातो, मायक्रोअँपियरमध्ये, आणि तो एका दिशेला जास्त जातो कारण बर्नरचा पत्रा मोठा आणि दांडी बारीक, त्यावरूनच बॉक्सला कळतं की ही खरी ज्योत आहे. इतका बारीक करंट असल्यावर दांडीवर जरा थर बसला तरी खेळ खलास. माझ्या दांडीवर पांढुरका, कडक थर होता, नखाने निघेना. बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासली, चिनी मातीच्या भागाला कुठे तडा नाही ना ते बघितलं, मागची क्लिप सैल होती ती पक्कडने जरा दाबून घट्ट बसवली. परत नळ सोडला, दोन वेळा टक टक आणि एकदम शांतता, फक्त ज्योतीचा आवाज. त्या शांततेचा आनंद फक्त तुम्हा लोकांनाच कळेल.

नंतर आठ-दहा दिवस निवांत गेले. मग दुसरीच तक्रार, नळ पूर्ण सोडला तर चालतो पण शॉवरवर पेटतच नाही, स्पार्कसुद्धा नाही. स्पार्कच नाही म्हणजे गॅसकडे बघायचंच नाही, पाण्याकडे बघायचं. पाणी आत येतं तिथे डायफ्राम म्हणजे रबरी पडदा असतो, पाणी वाहायला लागलं की त्याच्या दोन बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक पडतो, डायफ्राम पिन ढकलतो, पिनमुळे मायक्रोस्विच लागतो आणि मग पुढचं सगळं. प्रवाह कमी असेल तर पिन हलतच नाही.

बादली लावून मोजलं, 10 लिटरला 3 मिनिटं. म्हणजे मिनिटाला जेमतेम सव्वातीन लिटर, आणि शॉवरवर त्याहूनही कमी. पाणी बंद, गॅस बंद, सेल काढले आणि इनलेटचा नट खोलला, तर आतली जाळी क्षाराच्या कण्यांनी गच्च! जुन्या ब्रशने धुतली, आता तीच बादली 1 मिनिट 50 सेकंदात भरते. डायफ्राम पण काढून उजेडासमोर ताणून बघितला, कडेला सुईच्या टोकाएवढं भोक आणि रबर कडक झालेलं. नवीन टाकला, पिनला सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस नको, रबर फुगतं). शॉवर चालू झाला.

अजून एक, आठ-नऊ मिनिटांनी मधेच बंद पडायचा आणि थोडं थांबलं की परत चालू. हा जास्त तापल्यावर तोडणारा स्विच, आउटलेटच्या पाइपला चिकटलेला. काही गीझरमध्ये 20 मिनिटांनी आपोआप बंद व्हायचा टायमर असतो, त्याला बिघाड समजू नका, पण माझा त्याच्या खूप आधी पडत होता. मिनिटाला साडेपाच लिटरवर पाणी 17 अंशच वाढत होतं. गीझर मिनिटाला 6 लिटरचा, म्हणजे 25 अंश वाढ धरली तर साडेदहा किलोवॅट पाण्याला मिळायला हवेत, माझे येत होते साडेसहा. तांब्याच्या नळीत क्षार, त्यामुळे उष्णता पाण्यात न जाता नळीच तापत होती. छोट्या पंपाने सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी आतून फिरवलं, आधी भरपूर फेस आला, नंतर कमी होत गेला, आणि पाण्याला हलकी हिरवट झाक दिसायला लागल्यावर लगेच थांबवलं, कारण तेव्हा क्षार संपून तांबं विरघळायला लागलेलं असतं. बराच वेळ साध्या पाण्याने धुऊन काढलं. त्याच दिवशी नळीवरच्या पातळ पात्यांमधली काजळी पण ब्रशने काढली, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते सांगता येत नाही, एका वेळी एकच काम करायला हवं होतं. आता वाढ 23 अंश.

राहिलं काय, तर बर्नरच्या डाव्या टोकाच्या तीन ज्योतींची टोकं पिवळी आहेत. हे मी अजिबात हलक्यात घेत नाहीये. पिवळी ज्योत म्हणजे गॅस पूर्ण जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्याला ना रंग ना वास, बंद बाथरूममध्ये माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. ज्यांचा गीझर अजून बाथरूमच्या आत आहे त्यांनी बाकी सगळं सोडून आधी तो बाहेर मोकळ्या हवेत काढा, हात जोडून सांगतो. माझा बाहेरच आहे तरी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर लावलाय. जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं) आणि गॅसच्या बाजूचे सांधे मी स्वतः खोलणार नाही, त्यासाठी गॅसचं काम करणाऱ्या माणसाला बोलावलंय. पाण्याच्या आणि सेलच्या बाजूचं घरी जमतं, गॅसचं नाही.

कालची नोंद: सलग 12 मिनिटं, शॉवरवर, एकदाही विझला नाही. पिवळी टोकं तशीच.