एनडीएची परेड पाहायला जाताय? आधी गाडीचं बघा

"टॅक्सी थेट मैदानापर्यंत जाते," असं आमच्या घरच्या ग्रुपवर ज्यांनी छातीठोकपणे लिहिलं होतं, ते स्वतः एनडीएच्या, म्हणजे पुण्याजवळच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, गेटच्या आत कधी गेलेलेच नाहीत, हे मला परेड संपल्यावर कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. भाच्याची पासिंग आउट परेड, हातात निमंत्रणाचं कार्ड, बरोबर ताई, भाऊजी आणि आई, आणि पहाटेच्या अंधारात टॅक्सीवाला गेटवर आम्हाला उतरवून मोकळा. आत जायचा पास गाडीच्या नंबरावर मिळतो आणि तो नंबर आधी कळवायचा असतो. ऐनवेळी ॲपवर जी मिळेल तिचा नंबर आदल्या आठवड्यात कुठून कळवणार?

आणि आत म्हणजे किती आत! जुन्या मुंबई राज्याने या संस्थेला 8,022 एकर जमीन दिली होती. गेटवर उतरून कोपऱ्यावरचं मैदान गाठायचं, असला प्रकार नाही. नाशिकच्या एका कुटुंबाने आईला आणि ताईला गाडीत घेतलं, आम्ही दोघं मागून आलो. मी रोज चालणारा माणूस आहे, मला काही वाटलं नाही. भाऊजींचे नवे चामडी बूट मात्र दिवसभर बोलत होते. स्वतःची गाडी न्या, नाहीतर ओळखीचा ड्रायव्हर ठरवून त्याचा नंबर वेळेत द्या. तिसरा पर्याय मला दिसला नाही.

दुसरा घोळ पत्त्याचा. पत्त्यात खडकवासला आहे म्हणून आमचे कोल्हापूरचे पाहुणे नकाशावर खडकवासला टाकून सिंहगड रोडने निघाले आणि धरणाच्या भिंतीपाशी पोहोचले. मुख्य गेटला जायचं ते वारज्याकडून: शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे. पाहुणे बिचारे उलटे फिरून आले तेव्हा संचलन अर्ध्यावर आलं होतं. रात्रीचा मुक्काम वारजे किंवा कोथरूडला करा. स्वारगेटला लॉज स्वस्त पडतो म्हणून आम्ही तिथे राहिलो, ती बचत कशी फिटली ते पुढे येतंच.

आदल्या दिवशी एनडीएतल्या हबीबुल्ला हॉलमध्ये पोरांना दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाच्या पदव्या दिल्या गेल्या. छान झालं.

परेडबद्दल मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आमच्याकडे अर्धं घर त्या गैरसमजात होतं. इथे खांद्यावर अधिकाऱ्याचे स्टार लागत नाहीत. आईवडील मैदानात जाऊन मुलाच्या खांद्यावर स्टार लावतात ते फोटो डेहराडूनच्या लष्करी अकादमीचे, आयएमएचे. एनडीएची तीन वर्षं संपली की पोरं पुढच्या प्रशिक्षणाला जातात, लष्कराची डेहराडूनला, नौदलाची केरळात एळिमलाला, हवाई दलाची हैदराबादजवळ दुंडीगलला. म्हणजे अजून कॅडेटच. आमच्या एका काकांनी "लेफ्टनंट साहेबांचे हार्दिक अभिनंदन" असा फ्लेक्स छापून आणला होता. तो डिकीतच राहिला.

तुमचा मुलगा तुम्हाला ओळखू येणार नाही, हेही गृहीत धरा. एकसारखा गणवेश, एकसारखी टोपी, एकसारखी चाल. ताई प्रत्येक तुकडीत "तो बघ, तो बघ" करत होती आणि एकदाही तो नव्हता. आदल्या संध्याकाळी त्याला नीट विचारून घ्या: कुठली तुकडी, कितवी रांग, कुठल्या टोकाला. इथल्या स्क्वाड्रन, म्हणजे कॅडेटांचे गट, अल्फा, ब्रॅव्हो, चार्ली अशा अक्षरांवरून चालतात, आणि वर्षभराच्या चुरशीत पहिल्या आलेल्या स्क्वाड्रनला मानाचं निशाण मिळतं. आपलं पोर त्या स्क्वाड्रनचं असेल तर आवाज जपून ठेवा, नंतर लागतो. आईला मुलींची रांग बघायची होती. मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी इथून बाहेर पडली, तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलंय.

मैदानाला नाव आहे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं. जन्म पुण्यातला, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे, याच एनडीएत घडलेले. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या रणगाडा लढाईत गेले, परमवीरचक्र मिळालं, वय 21. भाऊजींना हे मी तिथेच सांगितलं. त्यानंतर ते बुटांबद्दल काही वेळ बोलले नाहीत.

शेवटी बँड निरोपाची जुनी स्कॉटिश धून धरतो आणि बाहेर पडणारी तुकडी संथ चालीत क्वार्टरडेक म्हणतात त्या जागेच्या दिशेने येते. तिथे 'अंतिम पग', म्हणजे शेवटचं पाऊल टाकायची जागा, ओलांडली की एनडीए संपली. त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा पहाटे तीनला उठेन, पुन्हा चालेन, पुन्हा लुटला जाईन. वरून विमानं गेली, ती मी पाहिलीच नाहीत. पलीकडे पोरं टोप्या उडवत होती, जोर मारत होती, एकमेकांवर पडत होती, आणि त्या ढिगाऱ्यात अखेर आमचा दिसला.

नोव्हेंबरात सात वाजता स्वेटर लागतो, नऊ वाजता तोच नकोसा होतो. सावली सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. फोन, पिशव्या, लहान मुलं यांचं काय करायचं ते कार्डाबरोबरच्या सूचनांत वाचा, ग्रुपवर विचारू नका. पोटात काहीतरी घालून निघा.

आता परतीचं. सकाळी स्वारगेटहून 525 रुपये झाले होते. जाताना गेटबाहेरच्या टॅक्सीवाल्याने 1,800 सांगितले. मी ऐकून घेतलं नसतं, पण भाच्याबरोबर त्याची काळी लोखंडी ट्रंक होती, आणि सीएनजी गाडीच्या डिकीत निम्मी जागा सिलिंडरची. ट्रंक बसेना. ॲपवरच्या दोन गाड्या ती बघूनच निघून गेल्या. या महाशयांच्या गाडीला वर कॅरिअर होतं, आणि त्यांना ते पुरतं ठाऊक होतं. "परेडच्या दिवशी हाच रेट असतो, काका." घासाघीस करून 1,500 वर आलो. वर ट्रंक बांधायच्या दोरीचे 50 वेगळे!

तेव्हा गाडी ठरवताना दोनच गोष्टी विचारा: नंबर आजच मिळेल का, आणि वर कॅरिअर आहे का. दोरी घरून न्या.