मान खाली घालून पाहिलेलं प्राग

शनिवार, रात्री पावणेदहा

मनू झोपली. आई मोरीशी उभी राहून तिची बाटली घासतेय, नवरा खालच्या दुकानातून पाणी आणायला गेलाय. म्हणजे मला साधारण वीस मिनिटं आहेत.

ड्रेस्डेन ते प्राग रेल्वेनं अडीच तास. तीन वर्षं ड्रेस्डेनला राहतोय आणि ‘काय, कधीही जाता येईल’ म्हणत कधीच गेलो नव्हतो. आता आई नाशिकरोडहून तीन महिन्यांसाठी आलीये, मनू नऊ महिन्यांची झालीये, तेव्हा निघालो. बराचसा रस्ता एल्बच्या काठाकाठानं. सीमा ओलांडली की तिचंच नाव लाबे होतं, आणि प्रागची व्ल्टावा पुढे जाऊन तिलाच मिळते. ‘‘म्हणजे इथलं पाणी तुमच्याकडेच येतं की,’’ आई म्हणाली. तिला ते बरं वाटलं. परक्या गावाशी तिचं नातं असंच जुळतं, पाण्यावरून नाहीतर भाजीवरून.

सामान: आम्हा तिघांची मिळून एक बॅग, मनूच्या दोन. त्यात नाचणीसत्त्व, भाजलेल्या मूगडाळीची पूड आणि छोटा कुकर. कुकर मी गुपचूप काढून ठेवला होता. आईनं तो तितक्याच गुपचूप परत भरला. आज रात्री मनूची खिमटी त्यातच झाली, त्यामुळे मी ह्या विषयावर काही बोलणार नाही.

घराच्या जाहिरातीत ‘लिफ्ट आहे’ असं लिहिलं होतं. आहे. पण ती सुरू होते अकरा पायऱ्या चढून गेल्यावर.

रविवार, दुपार

इथल्या रस्त्यांच्या गोल डोक्याच्या दगडांना चेक भाषेत ‘कोचिची ह्लावी’ म्हणतात, म्हणजे मांजरांची डोकी. बाबागाडीला ‘कोचारेक’. दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकले आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही, हेही. आमची गाडी घडी घालून काखेत मारायची, छोट्या चाकांची. दर दहा पावलांना पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत शिरतं आणि मनू नमस्कार केल्यासारखी पुढे येते. तिला मजा वाटते. ती ‘आऽऽऽ’ असा सूर लावते आणि दगडांमुळे तो कापत कापत बाहेर पडतो. सकाळभर आमच्यापुढे हीच तान चालू होती.

परिणाम असा की, मी प्राग मान खाली घालून पाहतेय. इथे जो तो वर बघतो. शंभर मनोऱ्यांचं शहर म्हणतात ना! मी आपली फटी बघते. आणि खरं सांगायचं तर जमीनही बघण्यासारखी आहे. फुटपाथवर बोटाच्या दोन पेरांएवढे दगडी चौकोन, पांढरे, करडे, मधूनच गुलाबीसर, चौकटी-चौकटीच्या नक्षीत बसवलेले. एके ठिकाणी एक कामगार गुडघ्यावर बसून ते हातोडीनं एकेक ठोकून बसवत होता. मनूनं त्याच्याकडे टक लावली. त्याची आणि तिची उंची तेव्हा एक होती.

घड्याळ पाहिलं. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवरचं ते प्रसिद्ध घड्याळ, 1410 सालचं, अजून चालू. तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि येशूचे बारा शिष्य एकेक करून दर्शन देतात, बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. आम्ही बाराचा मुहूर्त धरला, म्हणजे टोल भरपूर मिळतील. गर्दीत अर्धा तास जागा धरून उभे राहिलो. सांगाड्यानं दोरी ओढली आणि त्याच क्षणी मनूच्या चेहऱ्यावर ती ओळखीची एकाग्रता आली. घड्याळाचे बारा वाजले, आमचेही वाजले. मी आणि आई तिला उचलून गर्दीतून बाहेर, एका जिन्याच्या आडोशाला, मांडीवर चटई. शिष्य नवऱ्यानं पाहिले. व्हिडिओ आहे म्हणाला.

नंतर गर्दी पांगल्यावर मात्र आम्ही घड्याळ निवांत पाहिलं. त्यावर आजच्या वेळेखेरीज जुनी बोहेमियन, म्हणजे इथल्या जुन्या राज्याची, वेळही आहे, ती सूर्यास्तापासून मोजतात. आपलं पंचांग सूर्योदयापासून मोजतं. मनूची वेळ शेवटच्या दुधापासून. तिन्ही हिशेब आज मला सारखेच शास्त्रशुद्ध वाटले.

आणि एक गोष्ट सांगतात की, असं घड्याळ दुसरीकडे कुठे होऊ नये म्हणून ते करणाऱ्या हानुशचे डोळे काढले. आई लगेच म्हणाली, ‘‘ताजमहालवाल्यांचे हात तोडले तसं.’’ तीही दंतकथा, हीही दंतकथा. घड्याळ मुळात त्या हानुशनं केलंच नव्हतं, मिकुलाश नावाच्या कारागिरानं केलं होतं.

घड्याळाकडून चौकात वळलं की जमिनीत पांढरे क्रूस बसवलेत. सत्तावीस. वर बघत चालणारी माणसं सर्रास त्यांच्यावरून जातात. मला दिसले, कारण मी फटी शोधत होते. 21 जून 1621 ला इथे सत्तावीस जणांना ठार केलं. आदल्या वर्षी नोव्हेंबरात बिला होरा, म्हणजे पांढरी टेकडी, इथली लढाई बोहेमियाचे प्रोटेस्टंट सरदार हरले, त्याची ही शिक्षा. तीन उमराव, सात सरदार, सतरा साधे नागरिक. आईनं वाकून सगळे क्रूस मोजले. मग गाडी त्यांच्या कडेनं काढायला लावली.

रविवार, रात्र

किल्ला झाला. बावीस नंबरच्या ट्रामनं वरपर्यंत गेलो म्हणून पायऱ्या वाचल्या. सेंट व्हायटसचं कॅथीड्रल 1344 ला सुरू झालं आणि 1929 ला पूर्ण झालं. मनू आत शिरताना झोपली, बाहेर पडताना उठली.

ट्रामचं मात्र लिहायला हवं. परतीला जुनी ट्राम आली, लाल आणि सायीच्या रंगाची, आत चढायला उंच पायऱ्यांची. मी गाडी घेऊन खाली उभी, नवरा आईला हात देतोय. तेवढ्यात मानेवर गोंदलेला एक दांडगा पोरगा उतरला, तोंडातली सिगारेट न पेटवताच कानामागे खोचली, गाडीचं पुढचं टोक धरलं, वर ठेवली आणि गेला. हसला नाही, बोलला नाही, मनूकडे बघून ‘बूऽ’ही केलं नाही. मी ‘देकुयी’ म्हणेपर्यंत दार लागलं होतं. आज दिवसभरात हे चौथ्यांदा झालं. दर वेळी तसंच, न हसता. आई म्हणते, ‘‘तोंडानं फणस आहेत.’’

सोमवार, सकाळी सात

मनू पावणेपाचला उठली. घर एका खोलीचं, नवरा झोपलेला, आईचा नुकता डोळा लागलेला. मनूला पुढे बांधून मी बाहेर पडले. गाडी नाही, फक्त ती आणि मी. आठ मिनिटांवर चार्ल्स पूल.

ह्या पुलाची गोष्ट गंमतीची आहे. चौथ्या चार्ल्सनं पायाचा दगड बसवला तो 1357 साली, नवव्या दिवशी, सातव्या महिन्यात, पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी, असं सांगतात. सगळे आकडे ओळीनं मांडा: 135797531. विषम आकडे चढत गेलेले आणि तसेच उतरत आलेले. राजज्योतिषांनी काढलेला मुहूर्त म्हणे. आणि चुन्यात अंडी घातली होती म्हणे. राज्यभरातून गाड्या भरभरून अंडी आली, आणि एका गावानं, वाटेत फुटू नयेत म्हणून, उकडून पाठवली. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं हे ऐकत वाढलेल्या माणसाला अंडी जरा हलकी वाटतात, पण पूल साडेसहाशे वर्षं उभा आहे.

काल संध्याकाळी ह्याच पुलावर पाऊल ठेवायला जागा नव्हती, आम्ही टोकावरूनच परतलो होतो. आज तिथे एक झाडूवाला, दोन धावणारे आणि फोटो काढायला नटून आलेलं एक जोडपं. नवरीनं गाऊन गुडघ्यापर्यंत उचलून धरला होता, खाली स्पोर्ट्स शूज. मी फोन काढून पाहिला, 5:28. म्हटलं थांबू तीन मिनिटं. 5:31 ला विशेष काही झालं नाही. मागून, जुन्या गावाच्या बाजूनं ऊन आलं आणि समोरच्या किल्ल्याच्या वरच्या खिडक्यांवर पडलं. मनूनं मला नाकावर चापट मारली.

पुलावर तीस पुतळे आहेत, बरेचसे आता नकला, अस्सल आत हलवलेत. सगळ्यांत जुना नेपोमुकच्या जॉनचा, 1683 चा. राणीनं कबुलीजबाबात काय सांगितलं ते त्यानं राजाला सांगितलं नाही म्हणून 1393 मध्ये त्याला इथून नदीत टाकलं, अशी कथा. पुतळ्याखालच्या पितळी चित्रावर हात ठेवला की इच्छा पूर्ण होते, म्हणून तेवढीच जागा लोकांच्या हातांनी सोन्यासारखी चकचकीत झालीये. शेजारच्या चित्रातला कुत्राही तसाच घासून चमकवलाय, त्याचा दोष नसताना. मनूनं कुत्रा निवडला. दोन्ही हातांनी. मग ओठ टेकायला निघाली, तेव्हा मागे ओढली.

ती पहाटे उठते ह्याबद्दल मी गेले चार महिने ज्याला त्याला रडगाणं ऐकवतेय. आज एक दिवस नाही.

सोमवार, संध्याकाळ

आईचा श्रावणी सोमवार. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे आणि इथली केळी ह्यांवर ती प्राग फिरली आणि आम्हा दोघांपेक्षा जास्त चालली.

दुपारी पुलाखालच्या कांपा बेटावर गेलो. तिथे शिल्पकार डेव्हिड चेर्नीची तीन प्रचंड ब्राँझची बाळं रांगताहेत. ह्याच चेर्नीची दहा बाळं झिझ्कोवच्या 216 मीटर उंच टीव्ही टॉवरवर चढताहेत, ती लांबून दिसली होती. कांपावरची जवळून पाहता येतात. ढुंगण, मांड्या, तळवे सगळं अगदी बाळाचं, आणि चेहऱ्याच्या जागी दाबून बसवलेला एक आडव्यातिडव्या खाचांचा शिक्का. नाक-डोळे नाहीतच. आईनं पुढे जाऊन पाहिलं आणि पदराचं टोक मनूच्या डोळ्यांवर धरलं. ‘‘कुणी केलं हे? त्याला मूल नसणार.’’ मनूला मात्र हा प्रकार पसंत पडला. गवतावर ठेवली तर गेल्या आठवड्यातच जमू लागलेलं रांगणं तिनं ह्या भावंडांसमोर करून दाखवलं, चार पावलं आणि पालथी.

आई म्हणाली, ‘‘आपला देवघरातला बाळकृष्ण बघ, तोही रांगताच आहे. पण कसा वर बघतो.’’

तिथून कार्मेलित्स्का रस्त्यावरचं चर्च दहा मिनिटांवर. हे खरं तर आईसाठी होतं. नाशिकरोडला दर फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. आमच्या शेजारच्या आंटीबरोबर आई दर वर्षी जायची, मी फुगा आणि गोडी शेव मिळेपर्यंत रडायचे. तो बाळ येशू मूळचा ह्या इथला, हे तिला मी आदल्या रात्रीच सांगितलं. आधी तिला खरंच वाटेना.

उजव्या हाताच्या वेदीवर, सोनेरी मखरात, काचेआड तो उभा आहे. लाकडाचा, वरून मेणाचा लेप, उंची 47 सेंटिमीटर. मनू जन्मली तेव्हा 48 होती, म्हणजे हा तिच्याहून एक सेंटिमीटर लहान. डोक्यावर मुकुट, उजवा हात आशीर्वादाचा, डाव्या हातात पृथ्वीचा गोळा. आज हिरवा पोशाख होता. जोगिणी चर्चच्या पंचांगाप्रमाणे त्याचे कपडे बदलतात. वर छोट्या संग्रहालयात देशोदेशींहून आलेले झगे आहेत. जिना गोल आणि अरुंद, गाडी जाणं शक्य नाही, म्हणून पाळीपाळीनं गेलो. एक झगा मारिया थेरेसा राणीनं 1743 साली दिलेला, तोही हिरवा, जरीच्या भरतकामाचा. स्वतः शिवला असं मानतात. ह्या बाईला एकूण सोळा मुलं झाली. मला एका मुलीच्या फ्रॉकचं बटण लावायला तीन आठवडे लागलेत.

मूर्ती स्पेनहून आली. सांगतात की, तिथून बोहेमियात लग्न करून आलेल्या एका मुलीनं ती बरोबर आणली आणि पुढे आपल्या मुलीला, पोलिक्सेनाला, लग्नात दिली. पोलिक्सेना लोब्कोवित्सनं 1628 मध्ये ती इथल्या कार्मेलाइट साधूंना देऊन टाकली. हे मी आईला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी एकदम गप्प झालो. माझ्या लग्नात आईनं अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण दिले होते. तिला तिच्या आईनं दिले होते. तो रांगता बाळकृष्ण आमच्या ड्रेस्डेनच्या घरात पुस्तकांच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर बसतो. त्याला मी शेवटचा कधी घासला, आठवत नाही.

हे चर्चही आधी ल्यूथरवाल्यांचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं होतं. पांढऱ्या टेकडीच्या लढाईनंतर ते कार्मेलाइटांकडे आलं. म्हणजे काल चौकात मोजलेले ते सत्तावीस क्रूस आणि हा बाळ येशू एकाच पराभवाची दोन टोकं. मग 1631 मध्ये सॅक्सनांनी प्राग घेतलं तेव्हा मूर्ती वेदीमागे अडगळीत फेकली गेली, हात तुटले, सहा-सात वर्षं तशीच पडून होती. सॅक्सन म्हणजे आमच्या ड्रेस्डेनचे. ‘‘आपण कुठून आलो ते इथे बोलू नका,’’ नवरा हळूच म्हणाला.

आईनं मनूला मखरासमोर उंच धरलं. मनू बराच वेळ बघत राहिली. मग हात पुढे करून त्याचा गोळा मागायला लागली, आणि मिळेना तेव्हा असा सूर लावला की बाकावर प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं वळून पाहिलं. मी गाडी फिरवली. ती बाई उठली, आमच्यापर्यंत आली आणि गाडीचं पुढचं टोक धरून दाराच्या पायऱ्या उतरवून दिली. हीसुद्धा न हसता.

मंगळवार, परतीची गाडी

नवऱ्यानं फोटो काढून झालेत असं गृहीत धरलं होतं, मीही. माझ्या फोनमध्ये एकशे बारा निघाले, त्यातले नव्वद मनूचे आणि बाकीचे बहुतेक जमिनीचे. किल्ल्याचा एक आहे, त्यात आईचा अंगठा.

मनू माझ्या मांडीवर झोपलीये. समोर आई फोनवर नाशिकरोडच्या आंटीशी बोलतेय, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात: ‘‘हो गं, मूळ ठिकाण. केवढासा आहे, एवढाच! आणि दहा मिनिटांत दर्शन. रांगच नाही!’’