पुंगळी कुठून धरायची? ट्रिमर निवडतानाचा माझा अनुभव

चार वेळा वापरून झालेल्या .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळ्या (पितळी नळकांडी) पाचव्यांदा भरण्यासाठी साइझिंग डायमधून (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून) काढल्या आणि त्यातली एक कॅलिपरमध्ये धरली. २.०१८ इंच. पुढची २.०१७, तिसरी परत २.०१८. या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आहे. म्हणजे हातातला अख्खा लॉट हद्दीबाहेर गेला होता, आणि मी तो तसाच भरायला निघालो होतो.

पितळ वाढतं हे वाचून माहीत होतं, पण ते गांभीर्याने घेतलं नव्हतं. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते. मग डाय तिला बाजूंनी दाबून पुन्हा मापात आणते, आणि दबलेलं पितळ पुढे मानेकडे, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद भागाकडे, सरकतं. तोंड चेंबरच्या पुढच्या काठावर टेकण्याइतकी मान लांब झाली, की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बंद करताना ते तोंड गोळीवर आवळलं जातं. गोळीला मोकळं व्हायला जागाच उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. म्हणून ट्रिमरने, म्हणजे पुंगळीचं तोंड कापणाऱ्या साधनाने, २.००५ इंचापर्यंत कापून घ्यायचं, पुढच्या काही फेऱ्यांसाठी दहा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सवलत मिळते.

सुरुवात केली ती सगळ्यात साध्या साधनाने. ली कंपनीचं कटर, त्यात पुंगळीच्या आतून जाणारी मापाची सळई. सळईचं टोक प्रायमरच्या (बार पेटवणाऱ्या टोपीच्या) छिद्रातून खाली टेकलं की कटर आपोआप कापायचं थांबतं. सेटिंग नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे चुकायलाही वाव नाही. वीस-पंचवीस पुंगळ्या असतील तर मी आजही तेच सुचवीन. पण शंभराचा लॉट हाताने फिरवून काढल्यावर बोटं इतकी दुखली, की शेवटच्या तीसेक पुंगळ्यांवर मी नीट जोर देतच नव्हतो. तोंडं ओबडधोबड राहिली.

मग हँडलवालं, छोट्या लेथसारखं ट्रिमर घेतलं. मागे कोलेट (आवळणारी पकड) पुंगळीची रिम (बुडाची कडा) पकडते, पुढे मानेत पायलट (कटरला मध्यावर ठेवणारी दांडी) शिरतो. पहिल्याच लॉटला मोठी चूक केली: आधी ट्रिम केलं आणि मग साइझ केलं. डायमधून निघाल्यावर लांबी परत वाढलेली. आधी साइझ, मग मोजणी, मग ट्रिम, हा क्रम बदलायचा नाही. त्या पुंगळ्या पुन्हा कापाव्या लागल्या.

क्रम सुधारला, तरी चार थाऊचा फरक येतच होता. एकच पुंगळी काढून पुन्हा पकडली की कटर परत थोडं पितळ खरवडायचं. शेवटी भिंगातून रिम पाहिली. एक्स्ट्रॅक्टरने (रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या बंदुकीतल्या आकड्याने) तिथे बारीक बर (धातूची खरखरीत कड) उठवली होती. कोलेट रिमला ओढून घट्ट करते, पण मध्ये बर आली की पुंगळी नीट टेकत नाही, दर वेळी वेगळी बसते. बारीक कानसीने नुसता हात फिरवला, कोलेट ब्रशने झाडली, आणि फरक दीड थाऊवर आला. तोवर मी सगळा दोष कटरच्या पात्याला देत होतो.

तेव्हापासून ट्रिमरकडे बघताना मी एकच विचारतो: हा पुंगळी कुठून धरतो आणि कुठून मोजतो?

विल्सनचं ट्रिमर पुंगळीला अंगाच्या उतारावर, स्वतंत्र होल्डरमध्ये धरतं. पायलट लागत नाही, तोंड अगदी काटकोनात कापलं जातं. थोड्या पण चोख पुंगळ्या हव्या असणाऱ्याला ते छानच आहे. काही ट्रिमर मात्र खांद्यावरून, म्हणजे अंग आणि मान जोडणाऱ्या तिरक्या भागावरून, मोजतात: ड्रिलला जोडायचे, पुंगळी हाताने आत दाबायची, खांदा टेकला की कापणं संपलं. एका मित्राकडे असं एक होतं. एक पुंगळी काही सेकंदांत. मी मोजून बघितल्या तर लांबी तीन थाऊने इकडेतिकडे, म्हणून आधी मी ते नाकारलं.

घरी येऊन शांतपणे विचार केला. माझी डाय नीट लॉक केलेली नव्हती, त्यामुळे पुंगळ्यांचे खांदेच मागेपुढे झाले होते. ट्रिमर खांद्यापासून बरोबर तेवढंच अंतर ठेवत होता. आणि .३०८ किंवा .२२३ सारखं रिमलेस (रिम अंगाबाहेर न येणारं) काडतूस चेंबरमध्येही खांद्यावरच टेकतं. म्हणजे मानेचं तोंड चेंबरच्या काठाला लागणार की नाही, हे खांद्यापासूनच ठरतं. हे लक्षात आल्यावर माझं मत पूर्ण बदललं. डाय घट्ट लॉक केली आणि लांबीतला फरकही जवळजवळ गेला.

.२२३ साठी मी तसलंच घेतलं, कारण माझ्याकडे त्याच पुंगळ्या सर्वांत जास्त. कमाल १.७६० इंच, कापायचं माप १.७५०. एक काळजी मात्र कायम घ्यावी लागते. साइझिंगचं वंगण खांद्यावर राहिलं तर पितळेचा कीस त्याला चिकटतो, पुंगळी पूर्ण आत जात नाही आणि कमी कापली जाते. तिसाव्या-चाळिसाव्या पुंगळीला लांबी हळूहळू वाढताना दिसली तेव्हा हे कळलं. आता वंगण आधी पुसतो आणि दर दहा पुंगळ्यांनंतर कीस झाडून एक मोजतो.

ट्रिम झाल्यावर तोंडाच्या आतली-बाहेरची कड मारणं (धार घासून काढणं) सोडू नका. एकदा घाईत सोडलं, तर गोळी बसवताना तिच्या तांब्याच्या आवरणाची केसासारखी बारीक कडी सोलून मानेभोवती उभी राहिली. जिरॉडसारख्या ट्रिमरमध्ये तीन धारांचं कटर एकाच वेळी कापतं आणि दोन्ही कडा मारतं. हजारोंनी पुंगळ्या असतील तर तो खर्च मला पटतो.

.३०८ साठी हँडलवालंच ठेवलं आहे. त्या लॉटमधल्या दोन पुंगळ्या इतरांपेक्षा बऱ्याच जास्त वाढल्या होत्या. पुढे आलेलं पितळ कुठून तरी आलंच असणार, म्हणून टोक वाकवलेली तार आतून, बुडाच्या जरा वर फिरवली. दोन्हींत तार एका खाचेत अडकली. भिंत तिथे पातळ झाली होती. त्या दोन्ही पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या.