टेटमचा डावा हात

रेकॉर्डवर एकच माणूस वाजवतोय ना, हे मी तीनदा तपासलं. ‘टायगर रॅग’, 1933, एकल पियानो : जॅझ पियानोवादक आर्ट टेटम.

त्याच्यापर्यंत मला ऑस्कर पीटरसननं पोचवलं. पीटरसन, हाही जॅझ पियानोवादकच, माझा फार लाडका. तो लहान असताना वडिलांनी त्याला हीच रेकॉर्ड ऐकवली होती, तेव्हा दोघं जण वाजवताहेत असंच त्याला वाटलं होतं. एकटाच आहे हे कळल्यावर त्यानं कित्येक दिवस पियानोला हातसुद्धा लावला नाही. एवढं वाचल्यावर हेडफोन लावणं भागच होतं.

खरं सांगते, पहिल्यांदा ऐकून मी फक्त दमले. सुरांचा नुसता वर्षाव, कुठे कान टेकवायला जागा नाही. कौतुक वाटलं, जीव जडला नाही.

जीव जडला तो ‘विलो वीप फॉर मी’नं. हे 1949चं ध्वनिमुद्रण, संथ गाणं. ओळ संपते, गाणाऱ्यानं श्वास घ्यावा एवढीच फट उरते, आणि त्या फटीतून एक तान वरच्या सुरांवरून घरंगळत येते. आता लय सुटली, असं वाटतं. मी पायानं ठेका धरून बसले होते. तो नेमका ठोक्यावर उतरला. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. त्या रात्री दुसरं काही ऐकलंच नाही.

मग एक युक्ती केली. 1933चंच ‘टी फॉर टू’ घेतलं आणि पट्टी तीच ठेवून वेग निम्म्यावर आणला. तेव्हा डावा हात दिसला. (ऐकण्याबद्दल लिहितेय, पण शब्द ‘दिसला’ हाच.) स्ट्राइड शैलीत डावा हात एका ठोक्याला खालचा खर्जातला सूर देतो, पुढच्या ठोक्याला उडी मारून मधला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, पकडतो, आणि हे सतत. टेटम ती उडी घेता घेता कॉर्डच बदलून टाकतो. वरची चाल ओळखीचीच राहते, पण तिच्या खालची जमीन सरकत असते. मूळ गाण्यात नसलेली वळणं घेऊन तो वेळेवर परत येतो. वेगात ऐकताना मला केवळ झगमगाट वाटला होता. प्रत्यक्षात तिथे इतका विचार भरलेला होता!

टेटम जन्मला 1909मध्ये, ओहायोतल्या टोलीडोत. लहानपणापासून दृष्टी जवळजवळ नाहीच, एका डोळ्यानं थोडंसं दिसायचं. पियानो रोल (आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायच्या छिद्रं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या) आणि रेकॉर्ड ऐकून तो सूर उचलायचा, असं सांगतात. मला हे फार जवळचं वाटतं. पुढे 1953च्या डिसेंबरात निर्माता नॉर्मन ग्रँझनं त्याला स्टुडिओत बसवलं, तेव्हा दोन दिवसांत साठाहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित झाली, बहुतेक पहिल्याच प्रयत्नात. टेटम फार नटवतो, चाल झाकून टाकतो, अशी तक्रार करणारे आहेत. त्या ढिगातल्या काही तुकड्यांबद्दल ती मलाही पटते. पण ‘विलो’बद्दल मुळीच नाही.

सध्या मी सप्टेंबर 1956चं ध्वनिमुद्रण ऐकतेय, बेन वेबस्टरच्या टेनर सॅक्सोफोनबरोबरचं. वेबस्टर जवळजवळ काहीच करत नाही. एक सूर धरतो, त्यात श्वासाचा आवाज मिसळू देतो, चाल सरळ सांगतो. टेटम त्याच्याभोवती नेहमीसारखाच वाहत राहतो, आणि दोघांनाही एकमेकांची अडचण होत नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टेटम गेला, 47 वर्षांचा. ‘माय वन अँड ओन्ली लव्ह’मध्ये वेबस्टर चाल हातात घेतो तिथे मी दर वेळी थोडं मागे जाते. कान मात्र पियानोच्या खालच्या पट्ट्यांकडे, डाव्या हाताकडे.