वकीलपत्र कुणाचं घ्यायचं

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

आज अमेरिकेतल्या डिटेन्शन सेंटरमध्ये, म्हणजे हद्दपारीचा खटला चालू असलेल्या परदेशी लोकांच्या कोठडीत, नव्या लोकांना भेटायचा दिवस होता. संस्थेत याला आम्ही इन्टेक म्हणतो. हातात यादी असते आणि प्रत्येकासाठी जेमतेम अर्धा तास. कधी आलात, कसे आलात, इथे घरचं कोण आहे, पूर्वी हद्दपारीचा हुकूम निघाला होता का, परत पाठवलं तर काय होईल. मग ऑफिसात बसून ठरवायचं, यातल्या कुणाचं वकीलपत्र घ्यायचं. उरलेल्यांना त्यांच्या भाषेतली माहितीपत्रकं द्यायची आणि न्यायाधीशांपुढे स्वतः कसं बोलायचं ते समजावायचं.

केस हरल्यावर झोप लागत नाही, हे खरं. पण हरताना मी निदान अशिलाच्या शेजारी बसलेली असते. इन्टेकच्या रात्री मला आठवतात ती ज्यांच्या शेजारी कुणीच बसणार नाही अशी माणसं.

न्यू जर्सीत चोरीच्या आरोपात तुरुंगात जायची वेळ आली आणि वकील परवडत नसेल, तर सरकारला तो द्यावा लागतो. इमिग्रेशन कोर्टात वकील ठेवायचा हक्क आहे, पण सरकारच्या पैशानं नाही. याचं मूळ १८९३ सालच्या फाँग यू टिंग खटल्यात आहे. न्यूयॉर्कच्या तीन चिनी मजुरांच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे. शिक्षाच नाही, मग आरोपीचं संरक्षण कशाला? समोर मात्र सरकारचा पगारी वकील असतोच, आणि न्यायाधीशसुद्धा न्यायखात्याचे, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरलच्या हाताखालचे. २००७ ते २०१२ मधल्या खटल्यांचा देशभर अभ्यास झाला होता. कोठडीत असलेल्यांपैकी वकील मिळालेले होते १४ टक्के.

आजच्या यादीतले तिघे डोक्यातून जात नाहीत. (नावं-गावं लिहीत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.)

पहिला ग्वाटेमालाचा. त्याची भाषा किचे, स्पॅनिश बाजारहाटापुरती. पहिल्या तारखेला दुभाषा दिला तो स्पॅनिशचा. प्रत्येक प्रश्नाला हा ‘सी, सी’ म्हणत गेला आणि सरकारचे सगळे आरोप कबूल केल्याची नोंद झाली. दुसरा घरांची छपरं बसवणारा, दोन मुली इथे जन्मलेल्या. तिसरा हरियाणाचा पोरगा, विशीतला. बापानं जमीन गहाण टाकून एजंटला पैसे दिले. परत गेलो तर सावकार सोडणार नाही, म्हणतो.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

ठरलं. किचे बोलणारा माझ्याकडे, छपरवाला सहकाऱ्याकडे. हरियाणाचा कुणाकडेच नाही.

कारण कायद्यातच आहे. आश्रय मागायचा तर छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी एका कारणानं व्हायला हवा. सावकाराची भीती कितीही खरी असली तरी एवढ्यानं ती या पाचांत बसत नाही. छपरवाल्याला हद्दपारी रद्द करून घ्यायची वाट आहे, पण अरुंद: दहा वर्षांचं वास्तव्य, मुलींवर ‘असामान्य आणि अत्यंत विरळा’ आघात होईल याचा पुरावा, आणि अशा सवलती साऱ्या देशात वर्षाला फक्त ४,०००. त्याआधी त्याला कोठडीतून बाहेर काढायचंय. गेल्या महिन्यात इमिग्रेशन अपील बोर्डानं निर्णय दिला, की तपासणीशिवाय सीमा ओलांडून आलेल्यांना जामीन द्यायचा अधिकारच या न्यायाधीशांना नाही. म्हणून आता फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ही कोठडीच बेकायदा आहे असं म्हणणारा, अर्ज.

हरियाणाच्या मुलाला मीच सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. ‘दीदी, फिर मैं जज साहब को क्या बोलूँ?’ एवढंच विचारलं. गावात कुणाशी काय घडलं, का घडलं, पोलिसांकडे गेलात का, हे सगळं तारखांसकट लिहून काढ म्हटलं. अर्ध्या तासात माणूस आधी पैशाचं सांगतो. जातीचं, पक्षाचं, मारहाणीचं तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलतो. त्याच्यासाठी ती चौथी भेट नाही, हेच मला खातंय.

शनिवार, १८ ऑक्टोबर

मंडळाच्या फराळाला गेले. एका काकांनी विषय काढलाच. फेब्रुवारीत अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातल्या १०४ जणांत महाराष्ट्राचेही होते, याची त्यांना लाज वाटली होती. ‘आम्ही रांगेत उभे राहिलो ना गं? ह्यांनी का नाही राहायचं?’

काकांची रांग मला माहीत आहे. ग्रीन कार्डाची वाट बघताना आईच्या शेवटच्या आजारपणातही ते जाऊ शकले नाहीत. त्यांचं दुखणं खोटं नाही, म्हणून तोडून बोलले नाही. म्हटलं, काका, तुमच्या डिग्रीसाठी रांग तरी होती. छपरं बसवणाऱ्या, भांडी घासणाऱ्या मजुरांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला १०,००० च्या आत कार्डं, त्यातही त्यांची बायकामुलं धरलेली. तो कुठल्या रांगेत उभा राहणार? आणि बेकायदा आला असं धरलं तरी, बेड्या घालून विमानात बसवण्याआधी त्याचं म्हणणं मांडायला कुणी नको?

ते गप्प राहिले. पटलं असं वाटत नाही. काकू मात्र चकली वाढता वाढता म्हणाल्या, ‘आमची नेहा वकील आहे, पण कंपन्यांचे करार करते. तिला जमेल का?’

जमेल. मी शिकवीन, कागद मी तपासून देईन. हरियाणाच्या मुलाशी हिंदीत बोलणारं माणूस हवंय, तेही झालं. नेहाचा नंबर घेतलाय, उद्या सकाळी फोन करते. त्याची तारीख २८ ला आहे. वकील मिळाल्याचं सांगून मुदत मागायची, तर येत्या आठवड्यातच तिनं कोठडीत जाऊन त्याची सही घ्यायला हवी.